बुडाची माती

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काटोलकडून आमच्याकडे नागपूरला आले होते. उजवा डोळा त्याच दिवशी सकाळी झाला होता, त्यावर प्लास्टिकची वाटी आणि चिकटपट्टी. डावा पुढच्या महिन्यात व्हायचा होता, त्यातला पडदा इतका पिकलेला की माणूस समोर उभा राहिला तरी फक्त सावली दिसायची. हॉलमधल्या दिवाणावर, कूलरच्या अगदी तोंडाशी, वाळ्याच्या ओल्या वासात ते बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चपलांच्या आवाजावरून ओळखत होते. नवऱ्याने हौसेने माझे लक्षद्वीपचे फोटो टीव्हीवर लावले. दोन फोटो झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी लावले त्यांना ते दिसतच नाहीयेत. मामा म्हणाले, "मले काय दिसून रायलं आता? तूच सांग तोंडानं." मग मी सांगायला बसले. पाण्याखालची पोवळ्यांची भिंत, तिच्यावरचे पंखे, कासव, पाठीवरचं सिलिंडर. मामा नातवंडांच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला बसतात तसे शांत बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. "ते जाऊ दे वं बाई. बुडाले हात लागला का?"

"हाव," मी म्हटलं.

बूड कुठलं? मी जिथे होते तिथे भिंत माझ्या पायांखालून शेकडो मीटर खाली जात होती आणि मला परवानगी होती अठरा मीटरची. हे मामांना सांगायला काहीच हरकत नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यावर वाटी बांधून बसलेला, मला कोणतं बक्षीस देणार होता की नापास करणार होता? तरी ते "हाव" तोंडातून असं सुटलं की जणू गेली सदतीस वर्षं ते तिथे तयारच होतं. त्या रात्री कूलर घरघरत राहिला आणि मला झोप आली नाही. कारण हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला नव्हता, आणि हे उत्तरही मी पहिल्यांदा दिलं नव्हतं.

मामांच्या संत्र्याच्या बागेत विहीर होती. मृग बहारासाठी झाडांना उन्हाळ्यात ताण द्यायचा असतो, पाणी तोडायचं असतं, त्यामुळे मे महिन्यात मोटरपंप गप्प असायचा आणि विहीर आम्हा पोरांच्या ताब्यात यायची. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि मुरमाखाली सुरुंग लावून फोडलेला काळा पाषाण. एका अंगाला ओबडधोबड पायऱ्या, पाषाणातल्या भोकांत पारव्यांची घरटी, आणि पाण्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे. वरती फुफाटा आणि खाली पाण्यात पाय घातला की घोट्यापाशी करवतीने कापल्यासारखा गारवा. पोहायला मी डालड्याचा रिकामा डबा पाठीला बांधून शिकले. डबा पाठीला आहे तोवर मामा लाडाने बोलायचे. डबा सुटला की बोलणं बंद आणि नियम सुरू. नियम एकच होता: ज्याने बुडी मारून बुडाची माती मुठीत आणली तो पोहणारा, बाकी सगळे आंघोळीला आलेले. मुटका मारणारे, सूर मारणारे, दिवड दिसली म्हणून बोंबलत पायऱ्यांवर पळणारे, सगळे आंघोळीला आलेले.

मी अकरा वर्षांची होते. मामेभावांनी, चुलतमामेभावांनी एकामागून एक मुठी आणल्या, विहिरीच्या काठावर त्या उघडल्या आणि मामांनी मान हलवली. मी चार वेळा गेले. डोळे उघडे ठेवले की हिरवं दिसायचं, मग गडद हिरवं, मग काहीच नाही. दीड परस खाली गेलं की कानांत कोणी दाभण घालतंय असं व्हायचं. ते दुखणं डोक्यात पसरायचं आणि हातपाय आपोआप वरच्या दिशेला लागायचे. पाचव्या वेळी मी खाली गेलेच नाही. पाण्याच्या पातळीच्या जेमतेम दोन हात खाली, पायऱ्यांच्या उलट्या अंगाला एक कपार होती, तिच्यात वरून घसरलेला मुरूम साठलेला असायचा. मी त्या कपारीला धरून पन्नास आकडे मोजले, मूठ भरली आणि वर आले.

मामांनी विचारलं, "बुडाले हात लागला का?" मी म्हटलं, "हाव." त्यांनी माझ्या तळहातावरची माती पाहिली आणि मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात खरी माती आणायची असं मी मनाशी पक्कं केलं होतं. शाळेच्या हौदासारख्या टाकीत डोकं घालून श्वास कोंडायचा सरावही केला होता. पण पुढच्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांची होते, आणि बारा वर्षांच्या मुलीने ओल्या फ्रॉकमध्ये चारचौघांसमोर विहिरीतून निघायचं नाही हे आजीने स्वयंपाकघरातच, कुरड्यांचा चीक ढवळता ढवळता ठरवून टाकलं. कोणी रागावलं नाही. मी रडले असंही आठवत नाही. मी काठावर बसून पोरांचे कपडे सांभाळले आणि सगळ्यांच्या मुठी पाहिल्या, एवढंच.

समुद्राशी नागपूरकराचं नातं ते काय असणार? झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहून कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी समुद्र लांबच. आम्हाला समुद्र म्हणजे सुट्टी, भेळ आणि चपलांत गेलेली वाळू. सत्तेचाळिसाव्या वर्षी अंदमानला जाऊन मी स्कूबाचा कोर्स केला तेव्हा शाळेतल्या सहकारी बाईंनी, "अगं बाई, आपला अंबाझरी तलाव काय वाईट होता?" असं विचारलं. त्यांचंही चुकलं नाही. कोर्सचा पहिला दिवस कमरेएवढ्या पाण्यात गेला, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात इन्स्ट्रक्टरने, माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा, अगदी सहज सांगितलं की खाली जाताना दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरायचं आणि तोंड मिटून हलकेच फुंकायचं. कानाच्या आत हवा जाते, पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, दुखत नाही. हे सांगायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी तशीच उभी राहिले. एवढंच होतं? काटोलच्या त्या विहिरीत दीड परसावर मला परत फिरवणारी गोष्ट म्हणजे माझा भित्रेपणा असं मी छत्तीस वर्षं धरून चालले होते, आणि ती नाकाची चिमूट निघाली. विहिरीतल्या पोरांना ती कोणी शिकवली नव्हती. त्यांचे कान बहुधा दुखतच होते आणि ते तसेच खाली जात होते. हे लक्षात आल्यावर मात्र पुन्हा थोडं वाईट वाटलं.

त्याच कोर्समध्ये मी अंगठ्याचा घोळ घातला. पाण्याखाली "ठीक आहे" सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. वर केलेला अंगठा म्हणजे "मला वर जायचंय". हे पाठ केलेलं असूनही पहिला विदूषक मासा ॲनेमोनच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवाच्या, बोटांत लपताना दिसला आणि मी आनंदाने दोन्ही अंगठे वर केले. पोरगा मला मुकाट्याने वर घेऊन आला. "क्या हुआ मॅडम?" "कुछ नहीं, मस्त था." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने माझे दोन्ही हात छातीशी बांधायला लावले.

भिंतीपाशी मात्र मी यंदाच्या फेब्रुवारीत पोचले, लक्षद्वीपला. परवान्याचे कागद, कोचीहून छोटं विमान, मग बोट. बेटालगतच्या उथळ लगूनचं पाणी फिकट, पुदिन्याच्या सरबताच्या रंगाचं, आणि पोवळ्यांची रीफ ओलांडून बाहेर गेलं की एका रेषेवर तो रंग संपतो आणि शाईची दौत सुरू होते. बोटीच्या काठावर पाठमोरं बसून मागे कलंडायचं असतं. पहिले सहा-सात मीटर नुसतं अंगण. ऊन खालपर्यंत पडलेलं, पोपटमासे चोचीने पोवळं खरवडतायत, आणि कानात सतत तडतड, जणू खालच्या घरात कोणीतरी मोहरीची फोडणी देतंय आणि ती संपतच नाहीये. तो आवाज बोटभर लांबीच्या कोळंब्यांचा असतो, त्या नांगी मिटतात तेव्हा बुडबुडा फुटून होणारा. त्या अंगणाच्या टोकाला अंगण नव्हतं. इन्स्ट्रक्टरने हाताने कड दाखवली आणि तो कडेपलीकडे जाऊन नुसता उभा राहिला, हवेत उभं राहावं तसा.

गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहताना पोटात जे होतं ते झालं. शरीराला वाटलं की आता पडणार. पण पडले नाही. श्वास घेतला की दोन विती वर, सोडला की तेवढीच खाली. फुफ्फुसं म्हणजेच जिना. पडत नाहीये हे पोटाला पटायला पाच-सहा श्वास लागले आणि तेवढ्या वेळात मी हवा किती उधळली ते काट्यावर दिसत होतं. वीस मीटरजवळ दाब वरच्यापेक्षा तिपटीच्या घरात असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधून हवाही तेवढी जास्त जाते. घाबरटपणा तिथे अक्षरशः महाग पडतो. खाली पाहिलं तर निळा, मग गडद निळा, मग ज्याला रंग म्हणता येणार नाही असं काहीतरी. इन्स्ट्रक्टरने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग भिंतीकडे केली: खाली नाही, इकडे बघ.

भिंतीकडे बघितलं तर भिंत अशी नव्हतीच. जागा मिळेल तिथे कोणी ना कोणी भाड्याने राहत होतं. वाऱ्यावर धरलेल्या सुपासारखे समुद्रपंखे, सगळ्यांचं तोंड प्रवाहाकडे, कारण प्रवाहातून येणारे बारीक जीव गाळून घेणं हीच त्यांची रोजी. खालच्या कपारीत एक सिंहमासा उलटा, छताला पाठ टेकल्यासारखा. एका भोकात मोरे ईल तोंड उघड-मीट करत होती. मला वाटलं चिडली, पण ती तिची श्वास घ्यायची पद्धत आहे. सगळं निळसर-राखाडी दिसत होतं, कारण पाणी आधी लाल रंग गिळतं. मग इन्स्ट्रक्टरने टॉर्च मारला आणि त्या राखाडी भिंतीत, टॉर्चच्या वर्तुळापुरताच, कुंकवाचा सडा पडला. टॉर्च सरकला की मागचं पुन्हा राखाडी. हिरवं कासव आमच्या शेजारून गेलं, आमच्याकडे न बघता, सोसायटीतले जुने काका फेरी मारतात तसं. काट्यावर १७.६ मीटर. आणि हात? हात छातीशी घट्ट बांधलेले. अंगठ्याचं कारण होतंच, पण खरं कारण हे की भिंतीला हात लावायचाच नसतो. तो दगड दिसतो तरी त्याच्या कातडीवर जिवंत पॉलिप, म्हणजे पोवळ्याचे इवलेसे जीव, असतात, बोट लागलं तरी त्यांना इजा होते. सगळी कठीण पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच यादीत. आमच्याकडे ताडोब्याच्या वाटेवर वाघ पाहायला जाणाऱ्यांना हे पटकन कळेल: गाडीतून उतरायचं नाही आणि काही उचलून आणायचं नाही. म्हणजे मूठ भरून वर काही आणायचं नाही. बुडाला हात लागणार नाही, भिंतीला लावायचा नाही. मामांच्या नियमाने पाहिलं तर त्या दिवशी बोटीवर होतो ते सगळेच आंघोळीला आलेले.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात, रक्तातला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. करण्यासारखं काही नसतं, नुसतं लटकून राहायचं. तेव्हा मला ती विहीर आठवली, आणि भूगोलाची बाई असल्यामुळे तिच्यामागून दगड आठवला. बावीस वर्षं मी फळ्यावर दख्खनचं पठार काढत आले आहे. लाव्हारसाचे थर, बेसॉल्ट, काळी रेगूर मृदा, कापूस. पुस्तक तिथे थांबतं आणि तासही. पुढचं मी कधी सांगितलंच नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा ज्या तप्तबिंदूतून आला तो जागच्या जागीच राहिला आणि आपण त्याच्यावरून उत्तरेला सरकत आलो. मागे समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची रांग उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, आणि आज तो बिंदू रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही उसळतो. ते डोंगर थंड होऊन खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर पोवळी वर वर चढत राहिली. बेट बुडतं आणि पोवळं वाढतं, हे डार्विनने १८४२ मध्येच मांडलं होतं. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक प्रवाळबेटावर भोक पाडलं तेव्हा हजार मीटरहून जास्त चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा दगड लागला. तर मी जिच्यासमोर लटकत होते त्या भिंतीच्या पायथ्याशी जो दगड आहे, तो सीताबर्डीच्या टेकडीचा आणि मामांच्या विहिरीच्या पाषाणाचा मागाहून जन्मलेला भाऊ. सुरुंग लावून फोडलेला तो काळा दगड इथे कितीतरी खोल आहे आणि त्याच्या डोक्यावर हे सगळं बिऱ्हाड.

नागपूरच्या याच दगडांत, टाकळीला, दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरांतून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोगलगायींचे जीवाश्म वेचले होते. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, समुद्राच्या नव्हेत. आपल्या वाट्याला तळीच होती, तेव्हाही. मिशनरी माणूस, शाळा काढायला आलेला आणि दगडांत रमलेला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून गेला. हिस्लॉप कॉलेजच्या नावापलीकडे हे आमच्या गावात फारसं कोणी बोलत नाही.

परतल्यावर वर्गात भिंतीचं सांगितलं. पोरांना कासव आवडलं, सिंहमासा आवडला. मी म्हटलं, पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की पोवळं आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तसं झालं. मागच्या बाकावरून आवाज आला, "एकच डिग्री, मॅडम?" सगळा वर्ग हसला. शेहेचाळीस अंशांत सायकल मारत ट्यूशनला जाणारी पोरं ती. मलाही हसू आलं, आणि मग त्यांना काय सांगावं ते सुचलं नाही. मी पाहिलेल्या भिंतीच्या वरच्या अंगणातही अर्ध्या फांद्या राखाडी, मोडलेल्या, शेवाळाने माखलेल्या होत्या. फोटो काढताना मी त्या चौकटीबाहेर ठेवल्या होत्या, हे मला वर्गात उभं असताना कळलं. खोटं बोलायची ही पण एक तऱ्हा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मामांच्या डोळ्यावरची वाटी काढली. घरी आल्यावर ते बराच वेळ खिडकीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तुह्या घरचे पडदे निळे होते काय?" पडदे आठ वर्षांपासून निळेच आहेत. डोळ्यातलं जुनं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग गिळून टाकतं, इतका हळूहळू की माणसाला पत्ताच लागत नाही. समुद्र लाल गिळतो, वय निळा. मी टीव्हीवर पुन्हा फोटो लावले. ते दिवाणावरून उठून पार पडद्याजवळ गेले, नव्या डोळ्याने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि खाली जिथे फोटो काळा होतो तिथे बोट ठेवलं. काही बोलले नाहीत. मीही नाही.

आठवड्याने त्यांना गावी सोडायला मीच गाडी काढली. काळा गॉगल लावून ते पुढच्या सीटवर बसले होते. शहर मागे पडल्यावर मी विहिरीचं विचारलं. "शेजारी बोर मारली ना," ते म्हणाले, "आता मे महिन्यात तिच्या बुडाले चालत जाता येते." मग काही वेळ गाडीत नुसता एसीचा आवाज. संत्र्याच्या बागा सुरू झाल्या तशी मी समोर पाहत म्हटलं, "मामा, समुद्राच्या बुडाले हात नाही लागला. लागतच नाही तिथं."

"मले वाटलंच."

"काहून?"

"तवाही नव्हता लागला तुह्या," मामा म्हणाले. "तुह्या मुठीतली माती पिवळी होती. बुडाची कायी रायते."

मी गाडीचा वेग कमी केला. सदतीस वर्षं. "मग बोलले काहून नाही?"

"बोलून काय करत होतो? मान हलवून टाकली." त्यांनी गॉगल नीट केला. "वरतून त पाहून रायलो होतो मी. चार डाव गेली होती तू खाली."

मग मी त्यांना कानांचं सांगितलं. नाकाची चिमूट, तोंड मिटून हलकेच फुंकणं, दाब सारखा होणं. मामा लक्ष देऊन ऐकत होते, भिंतीच्या वेळी ऐकत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. "अशीन?" त्यांनी विचारलं, आणि चिमटीत नाक धरून गाल फुगवले.

"मामा! जोर नाही लावायचा! डोळा!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी दचकून नाक सोडलं, डॉक्टरांनी दिलेला थेंबांचा कागद खिशातून काढला, नव्या डोळ्याजवळ धरून वाचला आणि घडी घालून परत ठेवला.

"महिन्यानं करून पाहीन," ते म्हणाले.